पातळ लॅपटॉप आणि माझी बोटं

२ जून, सोमवार
आमच्या लेकीला, रुचिकाला, नवा लॅपटॉप हवा. पुण्याच्या एका कंपनीत कापडाची डिझाइन्स काढायची नोकरी. वीस तारखेला ऑनलाइन टेस्ट. जुना लॅपटॉप विटेसारखा, वर घरघरतो. तिनं मोबाइलवर एक पातळ मॉडेल दाखवलं. वजन सव्वा किलो. हसू आलं. लॅपटॉप आहे की पापड?
सांगितलं, निवड मी करणार. कामतघरच्या गोडाऊनमध्ये तीस वर्षं कापडाचे तागे तपासले. डोळे मिटून धाग्यातला दोष सांगतो. मला रिव्ह्यू नकोत.
तिनं तीन मॉडेलची लिस्ट दिली. खिशात ठेवली. लिस्ट वाचायची वेळ ज्यांना बोटं नाहीत त्यांच्यावर येते.
निश्चय: रविवारपर्यंत लॅपटॉप घरात.

४ जून, बुधवार
ठाण्याचं शोरूम. सेल्समनच्या छातीवर नाव: प्रितम. आल्या आल्या प्रोसेसरबद्दल बोलायला लागला. थांबवला. म्हटलं, आधी बिजागरी.
झाकण एका बोटानं उघडलं. खालची बाजू सोबत उचलली गेली. नापास. कीबोर्ड मधोमध दाबला. दबला. नापास. पाठीवर टिचकी मारली. प्रितम म्हणाला, "सर, अ‍ॅल्युमिनियम आहे." म्हटलं, डबाही अ‍ॅल्युमिनियमचाच असतो.
स्क्रीनवर अंगठा दाबला तेव्हा मात्र त्यानं हातच धरला. स्वतःच्या मालावर एवढाही भरवसा नाही!

६ जून, शुक्रवार
दुसरं दुकान. आज तयारीनं गेलो, गोडाऊनचा ताणकाटा घेऊन. खोक्यावर सव्वा किलो, माझ्या काट्यावर दीड. चोरी पकडली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, पिशवीत चार्जर पण आहे." हा मुद्दा गौण.
नंतर एका हातानं कोपरा धरून लॅपटॉप आडवा हलवला, पीळ बसतो का बघायला. लगेच दोन माणसं धावत आली आणि दारापर्यंत सोबत राहिली. जाणकार गिऱ्हाईक ओळखतात.

८ जून, रविवार
लॅपटॉप घरात नाही. निश्चय मोडलेला नाही, पुढे सरकला आहे.
रुचिका म्हणाली, "बाबा, बाराच दिवस राहिले. मीच घेऊ का? माझ्याकडे थोडे पैसे आहेत." म्हटलं, घाई ऑनलाइन घेणाऱ्यांना शोभते. कमळा स्वयंपाकघरातून म्हणाली, "पोरीचा काम हाय, तुमचा न्हाय." बायकोला बिल्ड क्वालिटी कुणी समजवायची!

११ जून, बुधवार
हिरामणकडे गेलो, कमळाचा भाऊ. त्यानं पातळ लॅपटॉप घेतलाय आणि आमच्या सगळ्या कशेळी गावाला दाखवत फिरतोय. अंगठा दाबला, स्क्रीनवर पाण्यातल्या तेलासारखे रंग उमटले. सांगितलं, फसलास. त्यानं लॅपटॉप माझ्या हातातून काढून घेतला. वहिनीनं चहा विचारला नाही. सत्य पचत नाही लोकांना.

१४ जून, शनिवार. दुपारी
सापडला!
भावेशकडे. आमच्या गोडाऊनमागे त्याचा गाळा. म्हणाला, "केसरीशेठ, एक्स्पोर्टचा माल हाय, आँख बंद करून घ्या." तो बोलण्याच्या ओघात म्हणाला, मी खरंच डोळे मिटले. बोटं फिरवली. थंडगार. धातू. कडा गुळगुळीत. वजन एक किलोहूनही कमी. बिजागरी अशी घट्ट की स्क्रीन धरून अख्खा लॅपटॉप उचलला तरी हलत नाही. रंग सोनेरी. किंमत शोरूमच्या निम्मी. बिल नाही. ज्यांना माणसाची पारख नसते त्यांना बिल लागतं.
रुचिकाला मुद्दामच नेलं नाही. प्रश्न विचारले असते.

त्याच दिवशी, संध्याकाळी
प्रश्न विचारले. म्हणाली, "रॅम चारच आहे, आणि वाढवता पण येत नाही, सोल्डर केलीय." म्हटलं, सोल्डर म्हणजे मजबूतच की. तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. भारावली असावी.

१६ जून, सोमवार
चालू व्हायला नऊ मिनिटं लागतात. दमदार यंत्र सावकाशच उठतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडलं की बंद पडतो, म्हणजे विश्रांती घेतो. रुचिका म्हणाली, परत करा. भावेशचा फोन बंद. गाळ्याला कुलूप. धंदा जोरात असणार.

१७ जून, मंगळवार
एक किरकोळ प्रसंग. उघडताना कट्ट असा आवाज आला आणि स्क्रीन एका बाजूनं सुटली. उघडणारा मी होतो, पण जोर बिजागरीचा होता. कडेचा सोनेरी रंग नखाला लागला. आत काळं प्लास्टिक. आता हे बघायला हवं की प्लास्टिक कोणत्या दर्जाचं आहे.
फेव्हिक्विक लावलं. माझी दोन बोटं चिकटली. कमळानं गरम पाण्यात हात धरायला लावला आणि एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१९ जून, गुरुवार
योजना तयार. टेस्ट दोन तासांची. लॅपटॉप गव्हाच्या डब्याला टेकवायचा, सुटलेली बाजू मी हातानं धरायची. आज एकट्यानंच सराव केला. चाळीस मिनिटांत खांदा बधिर. उद्या उशी घेईन.
रुचिकाला योजना सांगितली. म्हणाली, "बरं बाबा."

२० जून, शुक्रवार. सकाळी साडेनऊ
आंघोळ करून, उशी घेऊन, पावणेनऊलाच तयार. खोलीत कुणी नाही. कमळा म्हणाली, "शेलार गावाला गेली, स्नेहलकडं. नऊ तारखेपासून रोज जाते. टेस पन तिकडंच देनार." स्नेहल तिची मैत्रीण, तिच्याकडे चांगला लॅपटॉप आहे म्हणे.
विचारलं, मला का नाही सांगितलं. म्हणाली, "तुमाला वाईट वाटंल म्हनून सांगू नको बोलली."
मला अजिबात वाईट वाटलं नाही. उशी जागेवर ठेवली.

३० जून, सोमवार
रुचिका निवडली गेली. कशेळीभर पेढे वाटले. हिरामणलाही दिले. त्यानं विचारलं, कोणत्या लॅपटॉपवर दिली टेस्ट? म्हटलं, पेढा खा.

१३ जुलै, रविवार
रुचिका पुण्याला गेली. कंपनीनं लॅपटॉप पाठवलाय. पातळ. तीन दिवस तिच्या टेबलावर होता. मी हात लावला नाही. तिनं लावू नका म्हटलं नव्हतं. तरी नाही लावला.
ठाण्याला बसमध्ये बसवून दिली. काहीतरी बोलायचं ठरवून गेलो होतो. "मी चुकलो", इतकंच. ती म्हणाली, "बाबा, जेवणाच्या वेळा सांभाळा." मी म्हटलं, बॅगेची चेन नीट लाव.
बस सुटताना तिनं खिडकीतून हात केला, असं कमळा सांगते. मी मागे होतो, डिकीची बिजागरी बघत.
चांगली होती.