जामच्या वाळूतला फॉर्म

३० सप्टेंबर १९५६, रविवार
हेडमास्तर मोरेश्वररावांनी काल ऑप्शन फॉर्म दिला. एका मास्तराला एकच. एक नोव्हेंबरला नागपूर मुंबई राज्यात जाणार आणि आमचे पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहणार. ज्याला नागपूरकडे जायचे त्याने २० ऑक्टोबरला दुपारी बाराच्या आत फॉर्म द्यावा. मला विचार करायचा प्रश्नच नाही. नलिनीचे माहेर नागपूर. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे फारसे दिसत नाही, घरी त्या एकट्याच. नलिनी चार वर्षे तिकडे चला म्हणते आहे आणि मी तिला शब्द दिलेला आहे. आजच भरून टाकतो.

संध्याकाळ. आधी डोके शांत हवे म्हणून जाम नदीवर गेलो. पूर ओसरून वाळू वर आली आहे. लोक समुद्राचे एवढे काय कौतुक करतात कळत नाही. चपला हातात घेऊन ओल्या वाळूतून सावरगावच्या काठापर्यंत चाललो. खंड्याने तीनदा सूर मारला, तिन्ही वेळा मासा. घरी येऊन फॉर्मवर नाव लिहिले. सुरुवात झाली म्हणजे निम्मे काम झाले.

२ ऑक्टोबर
सुट्टी. सुट्टीच्या दिवशी सरकारी कागदाला हात लावू नये. गूळ-फुटाणे खिशात घालून नदीवर. नत्थूजी जाळे धूत होते. ओरडले, तिकडे पाय नोका देऊ मास्तर, कासवीनं अंडे घातले हायेत! खरेच. वाळू नीट थापटून ठेवलेली, शेजारी तिच्या पायांची नक्षी. दोन तास तिथेच बसलो.
निश्चय : रोज सकाळी सहाला निरीक्षण. सातवीच्या पोरांना सायन्समध्ये उपयोगी पडेल. ही ड्युटीच आहे.

४ ऑक्टोबर
नलिनीने विचारले, तुम्ही देल्ला का तो कागद? तिचे हात पिठात होते, चेहरा इतका आशेने भरलेला की मी देल्ला म्हणालो. हे खोटे नाही. उद्या देणारच आहे, एक दिवस आधी सांगितले एवढेच.
 

९ ऑक्टोबर
शाळेतून आलो तर कोपऱ्यातले जाते नाही. नलिनीने ते शेजारच्या प्रेमलताबाईंना देऊन टाकले. म्हणाली, एवढा दगड गाडीत कुठी न्यायचा, मायच्या घरी आहे एक. आमची पोर अलका आनंदाने त्या रिकाम्या कोपऱ्यात बसून होती. मी तिथे बघितले नाही.
उद्या फॉर्म. काही झाले तरी.

१० ऑक्टोबर
पाणमांजर दिसले! बापरे. उताणे तरंगत मासा खात होते. शाळेला उशीर. फॉर्म राहिला.

१४ ऑक्टोबर, दसरा
काल सासूबाईंचे पत्र आले, शेजारच्या मुलीकडून लिहवलेले. मागची खोली रिकामी केली आहे. जावईबापूंचे टेबल खिडकीशी ठेवले, उजेड चांगला येतो म्हणे. त्यांना स्वतःला उजेड दिसत नाही.
नलिनीने आपट्याचे पान हातावर ठेवून नमस्कार केला. म्हणाली, पुढचा दसरा मायजवळ. मी आशीर्वाद दिला. काय हलकट माणूस आहे मी. उद्या पहिली गोष्ट फॉर्म.

१७ ऑक्टोबर
आणीबाणी. सकाळी म्हशी घरट्यापासून हातभर अंतरावरून गेल्या. पाटी लावणे भाग होते. खिशात जाड कागद एकच. मागची कोरी बाजू वापरली : 'येथे कासवाची अंडी आहेत. कृपया पाय देऊ नये.' काडीला बांधून रोवला. दुरूनही सुंदर दिसतो.
दुपारी मोरेश्वररावांना सहज विचारले. दुसरा फॉर्म मिळत नाही. पण शनिवारी बाराच्या आत तो जसा असेल तसा आणा म्हणाले. म्हणजे काळजी नाही. काढला की झाले.

२० ऑक्टोबर, शनिवार
सकाळी ९. फॉर्म आणायला निघालो.
दुपारी २. प्रामाणिकपणे लिहितो. वाळूवर धोबी पक्षी आले आहेत, या हिवाळ्यातले पहिले. शेपटी वरखाली, वरखाली. कुठल्या कुठून येतात, कोणी फॉर्म मागत नाही. पाण्यात पाय सोडून जरा टेकलो. काडीला हात घातला तेव्हा ऊन डोक्यावर. धावत शाळेत गेलो तर टपाल गेलेले. कागद परत आणून तिथेच रोवला. निदान अंडी तरी वाचतील.

२१ ऑक्टोबर
मला जायचेच नव्हते असे कोणी म्हणेल. साफ चूक. मला जायचे होते. फक्त इथून निघायचे नव्हते.
नलिनीला आज सांगतो.

२८ ऑक्टोबर
दिवाळीच्या तोंडावर कशाला. तिने ट्रंक धुऊन उन्हात ठेवली आहे.

१ नोव्हेंबर, गुरुवार
राज्य बदलले. सकाळी नत्थूजी दारात, हातात काडी. मी न्हाणीत होतो, नलिनी पुढे गेली. त्यांचे बोलणे आतून ऐकले. बाई, रात्री कोल्ह्यानं अंडे खाल्ले. पण मास्तरांचा सरकारी कागद म्या सांभाळला.
बाहेर आलो तेव्हा ती कागद उलटा करून वाचत होती. नाव माझे, खाली सगळे कोरे. रागावली नाही. कागदावरची वाळू झटकून घडी घातली आणि माझ्या हातात दिला. मग म्हणाली, मी अन् अलका भाऊबीजेनंतर मायकडे जातो. तुम्ही नोका येऊ.

६ नोव्हेंबर
दोघी सकाळच्या गाडीने गेल्या. अलकाने खिडकीतून हात हलवला. नलिनी पलीकडच्या खिडकीकडे तोंड करून बसली होती.
प्रेमलताबाईंनी न विचारता जाते परत पाठवले. रिकामा कोपरा भरला. दळायचे कोणी ते माहीत नाही.
नदीवर गेलो नाही. बसून फॉर्म पूर्ण भरला. बदलीचे कारण या रकान्यात लिहिले : सासूबाईंना दिसत नाही, पत्नीला चार वर्षांपूर्वी शब्द दिला आहे. अक्षर चांगले आले. एक ओळसुद्धा खोडावी लागली नाही.