सरकार विरुद्ध चाळीस पिंपं टोमॅटो सॉस

५ सप्टेंबर १९११, पर्ल फोर्ड, इंडियाना
पोचलो एकदाचा! अन्न निरीक्षक म्हणून ही माझी पहिली स्वतंत्र कामगिरी, त्यामुळे स्वारी खुशीत आहे. मिसेस लॅम्कीन यांच्याकडे खोली घेतली. खिडकीतून समोर सॉसचा कारखाना दिसतो. न्याहारीला अंडी, तळलेले बटाटे आणि वर गावचाच लालभडक सॉस होता. मी दोनदा मागून घेतला. सोळा तारखेला गाडीनं ओहायोत घरी जायचं. एडाचा, माझ्या लेकीचा, सहावा वाढदिवस आहे.

७ सप्टेंबर
मागून घेतल्याचा पश्चात्ताप झाला. टोमॅटोची सालं, देठ, नासके तुकडे चाळीस पिंपांत फसफसताहेत, आणि सॉस होतो तो त्याचाच. सूक्ष्मदर्शक लावला. आमची पद्धत सोपी आहे : शंभर ठिकाणी पाहायचं, बुरशीचे धागे किती ठिकाणी दिसतात ते मोजायचं. पन्नासच्या वर गेलं की माल सडका. इथे शंभरपैकी शंभर.

पण हात बांधलेले! माल राज्याची हद्द ओलांडायला निघतो तेव्हा कुठे आमचा कायदा जागा होतो. खटलाही मालकावर नाही, मालावर : 'सरकार विरुद्ध चाळीस पिंपं'. आणि हा आरोपी जागचा हलत नाही. मालक शाईव्हली मिशीत हसून म्हणाला, "गाडीत चढवताना दिसलं की धरा की, साहेब. कोण नको म्हणतंय?"

१० सप्टेंबर
कचेरीची तार आली : वाट पाहा. दुसरं करतोय काय मी इथे!

नमुना तीनदा उकळला. तिन्ही वेळा धागे पुन्हा उगवले, आणि सगळे एकाच दिशेला, पूर्वेला. नमुन्याची काच फिरवून ठेवली. तासाभरात पुन्हा पूर्वेला. तिकडे बारा मैलांवर ओहायोची हद्द आहे. वैतागून सगळं चुलीत ओतलं, तर मिसेस लॅम्कीन करवादल्या, "अन्न असं टाकतात का हो? अजब नग आहात!"

१३ सप्टेंबर
आठवडाभर सॉसला शिवलेलो नाही. तरी धागे माझ्या पाण्याच्या पेल्यात आहेत, टॉवेलवर आहेत. शाईव्हलीला जाऊन झापलं : माल बाहेर पाठवत नाहीस, मग हा कारखाना चालवतोस कशाला?

तो शांतपणे म्हणाला, "पाठवायचं कशाला? पाहुणे येतात, पोटभर जेवतात, आपापल्या घरी जातात." बाटल्या न्यायला आलेल्या मिसेस लॅम्कीन मान डोलावत होत्या. दोघांचीही तोंडं पूर्वेकडे होती, माझ्याकडे नव्हती. मला भीती वाटली. खरंच वाटली.

१५ सप्टेंबर
स्वतःची थुंकी काचेवर घेतली. शंभरपैकी एकोणसाठ. मोजण्यात चूक असेल म्हणून पुन्हा — एकसष्ट.
खुर्ची भिंतीकडे करून बसतो. उठतो तेव्हा ती खिडकीकडे वळलेली असते. पूर्वेच्या —
कचेरीला तार केली. उत्तर : वाट पाहा.

१६ सप्टेंबर, सकाळ
अठ्ठ्याण्णव.
गाडी साडेदहाला आहे. मिसेस लॅम्कीननी माझी बॅग भरून दारात आणून ठेवली. म्हणतात, "निघा आता, लेकरू वाट बघत असेल."
घरी गेलो की एडा धावत येते. मी तिला उचलून गालाचा पापा —
नाही.

पाय आपोआप जिना उतरत होते. कठड्याला धरून परत आलो. दार आतून लावलं. सरकारी लाख आहे, शिक्का आहे. फटी बुजवल्या.
माल हद्दीकडे निघण्याआधी जप्ती बेकायदा. असू दे.

शिट्टी झाली. हात खिडकीकडे ओढ — आधी जप्तीची चिठ्ठी. आरोपीचं नाव हवं —
सरकार विरुद्ध एक नग, एडाचा बा —