ऐंशी रेघांची डायल

सोमवार, ता. ९

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय, पण तोंड शाबूत आहे, तेव्हा काळजी नको.

मास्तरांचं मिलिंग मशीन पूर्ण झालं, ते कळवायला बसलो. भंगारातून एकेक तुकडा आणून दोन वर्षं आम्ही त्याच्याशी झटापट केली. शाळा सुटली की तुझा नवरा माझ्या वर्कशॉपात. त्या मशीनला तू सवत म्हणायचीस.

शेवटी फक्त डायल राहिल्या होत्या. चाक किती फिरवलं ते कळावं म्हणून त्याच्यामागे रेघा आखलेलं पितळी कडं बसवतात, ती डायल. चाकाच्या एका फेऱ्यात मशीनचं टेबल, म्हणजे ज्यावर काम धरतात ते, चार मिलिमीटर सरकतं, म्हणून प्रत्येकीवर ऐंशी रेघा. युक्ती मास्तरांची. कडं लेथवर धरायचं, मागे ऐंशी दात्यांचं गिअर लावायचं आणि दर दात्याला एक रेघ कापायची. ते दाता सरकवून पट्टीने अडवायचे आणि वर्गात पाढे घेतल्यासारखा आकडा म्हणायचे. मी टूल हाताने ढकलून रेघ ओढायचो. दर दहावी रेघ लांब.

तीनपैकी दोन डायल मी एकट्याने केल्या. दोनदा मोजणी चुकली, पितळ वाया गेलं.

पहिली आम्ही दोघांनी केली. खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं होतं. तीन महिने टाळतोय.

त्या दिवशी त्रेपन्नावर त्यांचा आवाज थांबला. वळून बघतो तर स्टुलावर बसलेले, कपाळावर घाम, उजव्या हाताने डावा दंड दाबून धरलेला. मी पाणी दिलं. दवाखान्यात चला म्हणालो, रिक्षा बघायला दारापर्यंत गेलोसुद्धा. ते म्हणाले, "दादा, हिला सांगू नका. उगाच घर डोक्यावर घेईल. या तीन डायल होऊ द्या, मग जातो डॉक्टरकडे."

मी बरं म्हणालो.

त्यांनी शपथ वगैरे घातली नव्हती गं. काम रंगात आलं होतं, मलाही त्या डायल व्हायला हव्या होत्या. दहा मिनिटांनी त्यांनी चौपन्न म्हटलं आणि मी रेघ ओढली. त्यानंतर अकरा दिवसांनी ते शाळेच्या जिन्यात कोसळले. त्या अकरा दिवसांत मी तुझ्याकडे दोनदा जेवून गेलो.

त्यांचं दिवसकार्य उरकल्यावर तू विचारलंस, "दादा, तुझ्याशी काही बोलले होते का?" मी नाही म्हणालो.

परवा तुझ्या सासूबाई माझ्यादेखत म्हणाल्या, एका घरात राहून बायकोला कसं कळलं नाही. तू खाली मान घालून कपबशा उचलल्यास. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. मी हात धुतले आणि चपला घालून निघालो. कोपऱ्यावर पोचलो तरी तुझा तो चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

चिमणे, तुला कळलं नाही, कारण आम्ही कळू दिलं नाही. तुझी काही चूक नाही. हे पत्र सासूबाईंना वाचून दाखव, एक ओळही गाळू नकोस. मास्तरांना बोल लावू नका म्हणावं, मला लावा. रविवारी सकाळी येतो. तोवर मला भाऊ म्हणायचं नाही असं ठरवलंस, तरी दारातून तेवढं सांग. ऐकून परत जाईन.

तुझ्याशी खोटं बोललेला,
दादा