त्यो तरी दिसत व्हता

आत्या, काल वन खात्याच्या लोकांनी आपल्या विहिरीखालच्या उसाला लागून बिबट्यासाठी पिंजरा लावला. आत शेळी बांधलीय. ती सकाळपासून ओरडतेय. मी भाकरी थापते आणि कान तिकडंच लावून बसते. ती मधेच गप्प झाली की माझा हात परातीतच थांबतो.

पलीकडच्या वस्तीवरची एक बाई गेली. भर दुपारी, गवत कापताना. तुमच्या माघारी नांदायला आलेली ती, तुम्ही तिला पाहिलेलं नाही. आरडाओरडा ऐकून माणसं धावली, पण उशीर झाला होता. तेव्हापासून आम्ही बायका गळ्यात पट्टा घालून रानात जातो, बाहेरून खिळे निघालेला. माझी सून भांडगावची, बारावी झालेली. पहिल्या दिवशी पट्टा घालून आरशात बघितलं आणि हसली. मग ओढणी त्याच्यावर गुंडाळली. मला तुमच्या वडलांची मेंढरं आठवली. तुम्ही सांगायचात, मेंढरांच्या वाड्यातल्या राखणीच्या कुत्र्यांना असलेच पट्टे असायचे, लांडगा नरडं धरतो म्हणून. हे मी तिला सांगितलं नाही.

या घरात आले तेव्हा सासूला काय म्हणायचं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हीच म्हणालात, "आत्या म्हन. आई तुजी तुला हाय की." तुमचं लहानपण मेंढरांमागं चालण्यात गेलेलं, म्हणून एका जागी राहायला मिळालं याचं तुम्हाला कोण अप्रूप! पहाटे चहाच्या आधी सगळ्या बांधांवरून एक फेरी मारून यायचात. विहीर खणताना दगड तुम्ही डोक्यावरून वाहिले होते, आणि मामंजी गेल्यावर दोन्ही दिरांची लग्नं होईपर्यंत शेत एकटीनं ओढलंत. गाय अडली की आख्खी आळी तुम्हाला हाक मारायची. तुम्ही कोपरापर्यंत तेल लावून गोठ्यात शिरायचात आणि गाईशी असं बोलायचात, जणू तुमची लेकच बाळंतपणाला आलीय.

आणि तो दिवस. माझं नवीन लग्न झालेलं. तेव्हा बिबट्या म्हणजे जुन्नरकडची गोष्ट, आपल्या निमोण्यात कुणाला त्याचं काही नव्हतं. मी उसाच्या कडेला वाकून घास कापतेय, तुम्ही मागं पेंढ्या बांधताय. तुमचा आवाज आला, अगदी हळू. "उभी ऱ्हा. वाकू नगंस."

मी उभी राहिले आणि मग दिसला. दोन सरींच्या मधे, नुसतं तोंड. आपल्या मांजरासारखंच, फक्त पापणी हलत नव्हती. मी पळणार तोच तुम्ही माझा शेपटा धरलात. "पळालीस तर मीच मारीन तुला." आणि त्याच्यावर जे ओरडायला लागलात! "काय रं, कुनाच्या रानात शिरलाईस? हितं काय तुज्या बापानं पानी पाजलंय व्हय?" शेजाऱ्याचा खोंड पिकात घुसल्यावर ओरडायचात तसंच. ओरडत ओरडत एकेक पाऊल मागं, माझा शेपटा मुठीत तसाच. त्यानं तोंड फिरवलं आणि ऊस सळसळला. बांधावर येईपर्यंत तुम्ही गप्प झाला नाहीत.

घरी आल्यावर तुम्ही तांब्या तोंडाला लावलात आणि सगळं पाणी लुगड्यावर सांडलं. मी विचारलं, "आत्या, तुम्ही भ्यालात?"

"मग? भ्याले म्हनून तर वरडत व्हते."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन परत त्याच रानात गेलात. जनावरं उपाशी होती.

शेवटी शिरूरच्या दवाखान्यात तुम्हाला तपासणीच्या मशीनमधे घालायचं होतं, तेव्हा तुम्ही माझा हात सोडेनात. "मला आत एकटीला धाडू नगंस." मी हसवायला म्हटलं, "आत्या, बिबट्याला पळवलंत की तुम्ही." तुम्ही माझ्याकडं बघितलंत. "त्यो तरी दिसत व्हता."

ते आता कळतंय मला. हा दिसत नाही. उसाचं पान हललं की तोच, कुत्रं भुंकलं की तोच. सुनेला दिवस गेलेत. तिला माहेरी जा म्हटलं तर म्हणते, "तुम्ही पण चला." मी आले तर गाया कोण बघणार? आज लेकानं तिला गाडीवर भांडगावला सोडलं. निघताना तिनं विचारलं, "आई, तुम्हाला भ्या न्हाई का वाटत?" मी म्हणाले, "मी माझ्या सासूच्या हाताखाली तयार झालीय." ती निर्धास्त झाली. तुमचं नाव अजून असं कामाला येतं.

हे लिहून कुठं पाठवायचं नाही, माहितेय मला. पण तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू? लेक मघाशी परत आला आणि म्हणाला, "चल आई, गवत आणू." मी म्हटलं, "तू हो पुढं, माझा गुडघा धरलाय." तो एकटाच गेला, हातात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून. मी उंबऱ्यावर बसून ती गाणी ऐकत हे लिहितेय. अजून ऐकू येतायत.

गुडघ्याला काही झालेलं नाही, आत्या. उठतेच आता.