माथेरानची गोल वाट आणि ट्रॅक्सभर माणसं

५ मे २००२, रविवार

हे हो म्हणाले! माथेरान! आम्ही दोघं आणि आमचा सार्थक, बस्स. लग्न झाल्यापासून आमचं बाहेर जाणं म्हणजे जेजुरी, नाहीतर कुणाचं तरी बारसं.

खरं सांगायचं तर मला माथेरानचं काही कौतुक नाही. मला ह्यांच्याशी एकट्याशी बोलायला एक तास हवाय. माझी शिक्षणसेवकाची ऑर्डर आलीय, तीन वर्षांची — माहेरच्या पत्त्यावर. जालिंदरनं फोन करून सांगितलं. माझाच भाऊ, पण माझ्यापेक्षा जास्त ओरडत होता! शाळा आंबेगाव तालुक्यात, पार डोंगरात. इथून, खुटबावहून, रोज जाऊन-येऊन जमायचं नाही. तिथंच खोली करून राहावं लागेल, सार्थकला घेऊन. दहा जूनच्या आत हजर व्हायचं. डी.एड. करून इतकी वर्षं भाकऱ्या थापल्या, आता हे हातचं जाऊ द्यायचं नाही.

पण ह्या घरात बोलू कुठं? ओसरीवर मोठे दीर. चुलीपाशी आत्या — माझ्या सासूबाई. मधल्या खोलीत जाऊबाई आणि टीव्ही.

९ मे

ह्यांच्या कंपनीतल्या कुणीतरी माथेरानच्या लॉजचा कागद दिला. त्यात लिहिलंय — 'सोपी गोल वाट. लहान मुलांना, वडीलधाऱ्यांना सहज झेपेल. तलाव, पिसरनाथाचं देऊळ, इको पॉइंट, आणि परत बाजारात. दीड तास.'

दीड तास! मी कणीक मळता मळता वाक्यं जुळवतेय.

१२ मे

झालं! मोठे दीर, सर्जेरावभाऊजी, येणार म्हणे. मग जाऊबाई कशा मागे राहतील? "आमी काय उन्हाळाभर घर राखायचं व्हय?" मग त्यांची पोरं. आणि संध्याकाळी आत्या — "तिथं पिसरनाथाचं देऊळ हाय म्हनं. मीबी येती."

देवळाचं त्यांना कुणी सांगितलं? ह्यांनी! स्वतःहून!

१४ मे

ट्रॅक्स गाडी ठरली. एक जागा उरत होती, म्हणून मावससासू सिंधूबाईंनाही निरोप. जागा उरत होती म्हणून! रिकामी राहिली असती तर ट्रॅक्सला वाईट वाटलं असतं बहुतेक.

ह्यांना गोठ्यापाशी गाठलं. "असं का केलंत?" तर म्हणतात, "आगं, समदी असली म्हंजी मजा येती." मजा! दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लाडू — सगळं करणार कोण? मीच.

१८ मे, माथेरान

दस्तुरी नाक्याला गाडी सोडली; पुढे गाड्यांना बंदी, म्हणून चालत. लाल मातीनं सगळ्यांचे पाय एका रंगाचे झाले. सिंधूबाईंना घोड्यावर बसायचं होतं, मग नव्हतं, मग पुन्हा होतं.

लॉजवर दोन खोल्या. एकीत बाया, एकीत गडी. म्हणजे इथंही तेच! घरचा पसारा उचलून डोंगरावर आणलाय, दुसरं काय.

१९ मे, लॉजच्या पायरीवर

लिहिल्याशिवाय सुटका नाही.

सकाळी गोल वाटेला निघालो. "परत हितंच यायचं तर निगायचं कशापायी?" — सिंधूबाई. असं त्या प्रत्येक चढाला म्हणाल्या.

आणि आत्यांचं मोजणं! तरुणपणी त्या मेंढरांमागं पार कोकणात जायच्या. आता एक मेंढरू नाही घरात, पण सवय गेलेली नाही. दर वळणाला थांबायचं, बोट फिरवत माणसं मोजायची, हिशेब जुळला की मगच पुढे. मी मुद्दाम रेंगाळले, ह्यांची बाही धरली. "अहो, मला—" एवढंच म्हटलं, तोवर वरून आत्यांची हाक, "मल्हारीऽ! साधनाऽ! मागं का ऱ्हायलाय?" मग म्हटलं पुढे जाऊ. ह्यांना ओढत झपाझप निघाले. मागून आत्या, "आगं, कुटं पळतीस? थांब की!"

तलावापाशी हे पोरांना मासे दाखवत बसले. देवळात मी जवळ गेले, तर ह्यांनी पटकन सार्थकला खांद्यावर घेतलं आणि घंटा वाजवायला लावलं. ढण ढण ढण! चिडून माझे कान तापले.

इको पॉइंटला सगळे दरीत आपापली नावं ओरडत होते. मी ह्यांना कठड्यापाशी अडवलं. "मला बोलायचंय." हे दरीकडे बघत म्हणाले, "घरी बोलू."

घरी! माझं डोकंच फिरलं. "घरी कुठं? सांगा ना, कुठल्या कोपऱ्यात? मला शाळेत नोकरी लागलीय! मी जाणार!"

केवढ्यानं ओरडले, मलाच कळलं नाही. दरीला कळलं. "जाणार…" ती म्हणाली. जरा थांबून पुन्हा, "…णार." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी दरीत उडी मारायला निघालेय.

आत्यांनी पदर सावरला. "चला, उन्हं चढली." बास, एवढंच. परतीला त्या एकाही वळणावर थांबल्या नाहीत, कुणाला मोजलं नाही.

बाजारात चिक्की घेताना हे हळूच म्हणाले, "मला ठावं हुतं. जालिंदरनं मलाबी फोन केला हुता."

म्हणजे मी विचारू नये म्हणून ह्या माणसानं अख्खी ट्रॅक्स भरली!

"तू इचारलं आसतंस तर मला न्हाई म्हनाया जमलं नसतं. आन् व्हय तरी कसं म्हनू? आयला सोडून तू नातू घिऊन जानार. ती काय म्हनंल?"

चिक्कीचा पुडा त्यांच्या छातीवर आपटला आणि चालू लागले. राग आला, आणि खरं तर कीवही आली. कीव आली याचा पुन्हा राग.

२२ मे, खुटबाव

जाऊबाई भांडी आपटतात. भाऊजी म्हणाले, "आपल्यातली बाई एकली ऱ्हायलीय का कवा?" आत्या भाकरी वाढतात, ताटाकडे बघतात. त्या ओरडल्या असत्या तर मी भांडले तरी असते!

२६ मे

हजर व्हायला पंधरा दिवस उरले. नोकरी गेली तर मी कुणालाच माफ करणार नाही. हे इथं लिहून ठेवते.

३० मे

आत्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरवली. त्यांची लुगडी, घोंगडं, सार्थकचे कपडे घातले. हे कामावरून आले. "आये, कुटं निगालीस?"

"हिच्यासंगं. ही शाळंत गेल्याव पोराला कोन बघनार?"

"आन् माझं जेवान?"

"तुला हात न्हाईत व्हय?"

मला आत्यांशिवाय एक तास हवा होता. आता तीन वर्षं, एकाच खोलीत, आत्या आणि मी! आत जाऊन रडले. बाहेर येऊन बघितलं तर पेटी अर्धीच भरलेली. उरलेली जागा आत्यांनी माझ्या साड्यांना ठेवलेली.