मोगऱ्याचं पाणी

डोंगरी, ४ मे

प्रिय लवू,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. ते उशीखाली ठेवलंय आणि रोज दुपारी काढून वाचतेय. एकतीस मेला, मरियामाता एलिझाबेथच्या सेवेला गेली त्या सणाला, तू सिस्टर व्हायची पहिली व्रतं घेणार. आणि लिहितेस काय, तर वृद्धाश्रमातल्या आजींना आंघोळ घालताना श्वास रोखून धरतेस, हात चालतात पण मन तिथे नसतं, आणि मम्मीसारखं प्रेम तुझ्यात नाहीच. या शेवटच्या वाक्यासाठीच हे पत्र लिहितेय. पप्पा बसच्या ड्युटीवर गेलेत, मी ओट्यावर बसलेय. समुद्रावरून वारा येतोय, अंगणातल्या क्रूसाजवळचा मोगरा भरभरून फुललाय, आणि जागी आहे की झोपेत, माझं मलाच कळत नाही. अशा वेळी खरं बोलायला सोपं जातं. तुमच्या मोठ्या सिस्टरने हे पत्र आधी वाचलं तरी वाचू दे.

तू सातवीत असताना आजी अंथरुणाला खिळली ती सहा वर्षं. तू शाळेतून यायचीस तेव्हा मी तिचे केस विंचरत असायचे. तेवढंच तू पाहिलंस. त्याआधी दिवसभर मी कशी दातओठ खात असायचे, ते नाही पाहिलंस. सासू म्हणून माझ्या हातच्या कालवणाला तिने कधी एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आता तिचीच घाण काढायची! नाक दाबून, भिंतीकडे बघत काढायचे. आपली भाडेकरू शेवंतीमावशी मात्र गावभर सांगायची, ‘ब्रिजीतताई म्हणजे देवमाणूस हो.’ रविवारी देवळात बायका वळून बघायच्या. मला ते आवडायचं, लवू. कोणी भेटायला आलं की मी आणखी हळुवार केस विंचरायचे.

देवळातल्या वेदीवरची कापडं धुवायचं काम मात्र मी हौसेने मागून घेतलं होतं. त्यांवर पवित्र भाकरीचा, म्हणजे ख्रिस्तशरीराचा, एखादा कण राहिला असेल, म्हणून त्यांचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नसतं, मातीत जिरवायचं. ते मी क्रूसाजवळच्या मोगऱ्याला घालायचे. एका पाण्याला एवढा मान, आणि आजीच्या कापडांचं पाणी तोंड फिरवून गटारात.

तिच्या आजारपणाचं चौथं वर्ष होतं, असाच मे महिना. अंगणात दोन टोपं भिजत ठेवलेली, एकात वेदीची कापडं, एकात आजीची. उन्हाने डोळ्यांवर झापड आलेली, मी चालतेय की तरंगतेय अशी अवस्था. टोप उचललं आणि मोगऱ्याच्या मुळाशी रिकामं केलं. मग वास आला. टोप आजीच्या कापडांचं होतं. खिडकीतून आजी बघत होती. म्हणाली, ‘ब्रिजीत गो, आता या मोगऱ्याला फुला येतील, त्याना वास कोनाचा येल? माजा का देवाचा?’ आणि हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पाहिलंच नव्हतं. मलाही हसू आवरेना. हसता हसता तिला ठसका लागला, तशी मी आत धावले, तिला छातीशी धरून पाठ चोळत बसले. बऱ्याच वेळाने लक्षात आलं, मी श्वास रोखला नव्हता.

फादरना कन्फेशनमध्ये हे सांगितलं. ते म्हणाले, ‘झाड जगलं ना?’ बस, एवढंच.

त्यानंतर चादरी तेवढ्याच होत्या, माझी कंबरही तशीच दुखायची. पण आम्ही दोघी बोलायला लागलो. ती माझ्या कालवणाला नावं ठेवायची, मी तिच्या नाकाला. दिवस कधी मावळायचा कळायचं नाही. तिच्या कापडांचं पहिलं पाणीही मी मुद्दाम मोगऱ्यालाच घालायला लागले. ती गेली तेव्हा मी रडले ते लोकांना दाखवायला नव्हे. माझं तिच्यावर फार प्रेम बसलं होतं गं.

हे आजच का लिहितेय? बारावीनंतर तू घरच्या सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘मम्मीला आजीचं करताना पाहून मला वाटलं, देव मलाही बोलावतोय.’ सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं आणि मी गप्प बसले. खरं सांगायची वेळ तीच होती. जिला बघून तू गेलीस, ती बाई पहिली तीन-चार वर्षं या घरात नव्हतीच. तिच्यासारखं जमत नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस, आणि तिच्यासाठी व्रतंही घेऊ नकोस. तिथली एखादी आजी तुला हसवेल असं वाटत असेल तर राहा. नसेल वाटत तर घरी ये, गावाला काय सांगायचं ते मी बघते. व्रतांसाठी तुझ्याकडे नागपूरला यायचं माझं तिकीट काढून झालंय. परतीचं एक काढू की दोन, तेवढं कळव.

तुझीच,
मम्मी