पुरे न ऐकणारा कान

आये, तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाय, तरी तुला पत्र सांगायला बसले आहे. लिहिते तुझी पणती, माझी नात, पेणच्या कॉलेजात रक्ताचं शिकणारी. मध्ये मध्ये माझी भाषा सुधारते. सुधारू दे, मी आता कुणाला अडवत नाय, दमले. सकाळी माझी बोटं मुठीतून सुटत नाहीत. गरम पाण्यात बुडवून ठेवली की पेज प्यायच्या वेळेला चमचा धरण्याएवढी उघडतात. वेणी सून घालते आणि एक शब्द बोलत नाय. बोलली असती तर मीही काही उलटून बोलले असते, तेवढाच विरंगुळा.

परवा नातीला विचारलं, मी पडले नाय, काटा रुतला नाय, मग बोटांना सूज कसली गो? ती म्हणाली, "आजी, रक्तात पांढऱ्या पेशी असतात. कुठे जखम झाली की त्या धावत जातात, जंतू मारतात. त्यांच्या अंगावर रिसेप्टर असतात. निरोप येऊन त्यांना चिकटला की पेशीला कळतं, धावायचं की थांबायचं."

"म्हणजे कान."

"कानच समज. पण एकेका पेशीला पुष्कळ. एक 'ये' ऐकतो, एक 'पुरे' ऐकतो."

"माझ्या बोटांतल्या 'पुरे' ऐकत नायत वाटतं."

"तसंच काहीसं. शिवाय आलेल्या पेशी आणखी पेशींना हाका मारत राहतात. नेमकं कुठे बिघडतं ते अजून शोधतायत."

शोधू देत, मला कुठे घाई हाय, म्हणून मी तिला हसवलं. पण मला आपला खाडीवरचा बांध दिसायला लागला होता.

उधाणाची भरती, भरदुपार, आणि बांधाला खांड गेलेली, भलं मोठं भगदाड. हाक ऐकून सगळा गाव धावतो, कारण खारं पाणी शेतात शिरलं तर भात विसरायचा. रांग लागते, चिखलाची ढेकळं हातोहात पुढे जातात. खांड बुजल्यावर बांधावरचा एक म्हातारा 'पुरे' ओरडला, सगळे थांबले, आपला बहिरा काका मात्र थांबला नाय. स्वतःच्याच पिकत्या शेतातला चिखल उपसून बांधावर टाकत राहिला. त्या खड्ड्यात पुढे आपण चिखलातले निवट्या मासे पकडले. माझ्या बोटांत काका शिरलाय, आये.

काकाला हसून झालं. खरं सांगायचं ते खांड बुजायच्या आधीचं आहे. रांगेत तू माझ्यापुढे उभी. मी ढेकूळ देते, तुझी बोटं उघडत नाहीत, ढेकूळ पाण्यात पडून विरघळतं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. माझं लग्न ठरलेलं, सासरची माणसं त्याच रांगेत. मला लाज वाटली आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या आयेला भात पायजे, चिखल नको." बायका हसल्या. तूही हसलीस. पुढचं ढेकूळ तू कोपरांत धरून छातीशी घेतलंस, आणि मग प्रत्येक तसंच. घरी लुगड्याचा चिखल निघेना तर म्हणालीस, "ऱ्हाऊ दे बाय, तुझ्या लग्नात हेच नेसते." त्या दिवसापासून गावात तू आळशी ठरलीस, मरेपर्यंत.

गेल्या महिन्यात जिते स्टेशनवरून गाडी धरून रोह्याच्या डॉक्टरकडे गेलो. त्यानं विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का, आईला वगैरे? मी म्हटलं, "नाय, ती नुसती आळशी होती." डॉक्टर हसला, नातही हसली, आणि त्यानं कागदावर 'नाही' लिहिलं.

आता नातीचं पेन थांबलंय. "आजी, पणजीला होतं?" विचारते. लिही गो, होतं. हा कागद तुला पोचायचा नाय, आये. तो पुढच्या खेपेला डॉक्टरच्या फायलीत जाईल. आणि एवढं शेवटी लिही, की मला तेव्हाही ठाऊक होतं. रोज सकाळी तिच्या मुठींवर गरम पाणी मीच ओतायची.